कमरेला उघडं पिस्तूल लावून पहिल्यांदा बाहेर पडलो, टेक्सासवाल्यांना विचारायचंय

रातपाळी_आय२०:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा संगमनेरचा, वय ४६. ताईनं २००५ साली आमच्यासाठी भावंडांच्या कॅटेगरीत पिटिशन टाकली होती, नंबर लागेपर्यंत अठरा वर्षांच्या वर गेली, आणि शेवटी बायको आणि तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन ग्रीन कार्डावर इथे आलो. दाजींचं आय-२० हायवेला अ‍ॅबिलीनच्या अलीकडे छोटं मोटेल आहे, रात्री अकरा ते सकाळी सात डेस्कवर मी असतो. हिवाळ्यात एका रात्री तीनच्या सुमाराला एक माणूस मोठा पाना घेऊन आत आला, गल्ला उघड म्हणाला, मी उघडला, त्यानं पैसे घेतले आणि गेला. मला काही लागलं नाही, पण पोलिसांची गाडी यायला बावीस मिनिटं लागली, गाव लांब आहे त्यामुळे त्यांना तरी काय म्हणणार. ती बावीस मिनिटं मी दार लावून मागच्या खोलीत बसून काढली.

त्यानंतर दाजी म्हणाले पिस्तूल घे. दुकानात फॉर्म भरला, ग्रीन कार्डाचा नंबर लिहिला, बॅकग्राउंड चेक झाला आणि ९ एमएमचं पिस्तूल घरी आलं. भारतात ९ एमएम म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, साध्या माणसाला मिळतच नाही. आमच्या आजोबांची बारा बोअरची बंदूक होती, परवान्याची, दर निवडणुकीला ते ती पोलिस स्टेशनात जमा करायचे आणि पावती पाकिटात जपून ठेवायचे, आणि इथे तासाभरात काम झालं.

तर गेल्या शनिवारी दाजींच्या सांगण्यावरून शर्ट खोचून, पट्ट्याला होल्स्टर लावून, उघडं पिस्तूल घेऊन पहिल्यांदा बाहेर पडलो. आधी गुराढोरांच्या खाद्याचं दुकान, तिथे निम्मे लोक तसेच होते, कुणी बघितलं पण नाही. मग हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि तिथे मला सगळं जाणवायला लागलं. दर मिनिटाला हात आपोआप मुठीकडे जात होता की आहे ना जागेवर. खाली वाकून खिळ्यांचा डबा उचलताना वाटलं मागून कुणी ओढलं तर. एक बाई मुलाचा हात धरून दुसऱ्या रांगेत गेली, आता ती माझ्यामुळे गेली की तिला तिकडेच जायचं होतं मला माहीत नाही, पण मनात बसलं ते. शेवटी बँकेच्या दारावरची पाटी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये होती, वाचत उभा राहिलो, अर्थ नीट लागला नाही म्हणून परत फिरलो.

घरी आल्यावर पाठ दुखत होती, इतका अंग आखडून चाललो होतो. असं पहिल्यांदा सगळ्यांना होतं का? आपल्या रंगाच्या, आपल्या उच्चाराच्या माणसानं असं उघडं लावून फिरावं का? आणि पोलिसांनी थांबवलं तर नेमकं काय करायचं? दाजी म्हणतात कायद्यानं चालतं ना मग कसला विचार करतोस.

ह्यूस्टनकर_जुना:

आधी सांगतो की तुम्हाला जे झालं ते सगळ्यांना होतं. मी २०१६ च्या जानेवारीत, कायदा लागू झाला त्याच महिन्यात, पहिल्यांदा उघडं लावलं होतं आणि माझा पण हात सारखा तिकडे जायचा. ती सवय मात्र लगेच मोडा. लांबून बघणाऱ्याला मुठीवर गेलेला हात म्हणजे पिस्तूल काढतोय असंच दिसतं. घरात, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये लावून भांडी घासा, जिना चढा, वाका, पंधरा दिवस तेच करा. अंगाला वजनाची सवय झाली की हात थांबतो.

बऱ्याच लोकांना वाटतं टेक्सासमध्ये पहिल्यापासून असंच होतं. तसं नाहीये. १८७१ च्या कायद्यापासून पुढे जवळपास दीड शतक इथे कमरेला उघडं पिस्तूल लावून फिरायला बंदीच होती. १ जानेवारी २०१६ पासून पिस्तूल जवळ घेऊन फिरायचं राज्याचं लायसन असलेल्यांना उघडं चालायला लागलं, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं बंदूक ठेवायला पात्र असलेल्या माणसाला लायसनशिवाय. पण होल्स्टर हवंच, नुसतं पॅंटीत खोचून दिसलं तर गुन्हा.

आता पाट्या. इंग्रजी-स्पॅनिशमध्ये, इंचभर अक्षरांची, ती नीट ओळखायला शिका. त्यावरचे नंबर म्हणजे टेक्सासच्या दंडसंहितेची कलमं. ३०.०७ लिहिलेलं असेल तर लायसनवाल्यानं उघडं न्यायचं नाही, ३०.०६ असेल तर लपवलेलं न्यायचं नाही, आणि ३०.०५ म्हणजे लायसन नसलेल्याला मनाई, जे सध्या तुम्ही आहात. बारच्या दारावर लाल अक्षरात ५१%, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची, दिसलं की कुणीच न्यायचं नाही. पाटी नसली आणि मालक तोंडी म्हणाला की बाहेर जा, तर वाद घालायचा नाही, निघायचं, कारण सांगूनही थांबलात तर प्रकरण साध्या दंडावर राहत नाही. तुम्ही अर्थ लागला नाही म्हणून परत फिरलात ते अगदी बरोबर केलंत.

लायसनची आता सक्ती नाही तरी तुम्ही ते काढाच असं मी म्हणेन. चार ते सहा तासांचा क्लास, लेखी परीक्षा, मग रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण लागतात. फी ४० डॉलर, क्लासचे वेगळे. तुमची मुलगी तेराची आहे म्हणजे शाळेत सोडायला-आणायला जात असाल. शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल हा फेडरल गुन्हा आहे, आपल्या राज्याचं लायसन असेल तर त्यातून सूट आहे, नसेल तर गोळ्या काढून, कुलपाच्या पेटीत. हे लायसनशिवाय फिरणाऱ्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दाजी बहुतेक सिटिझन असतील, तुम्ही नाही. बंदूक बेकायदा बाळगल्याची किंवा नेल्याची शिक्षा झाली तर ग्रीन कार्डवाल्याला डिपोर्ट करता येतं, तो गुन्हा इथल्या लोकांना किरकोळ वाटला तरी. टेक्सासमध्ये वकील म्हणतात डिफर्ड अ‍ॅज्युडिकेशन घे, म्हणजे गुन्हा कबूल करायचा पण कोर्ट निकाल पुढे ढकलतं, प्रोबेशन संपलं की शिक्षेची नोंद राहत नाही, पण इमिग्रेशनवाले त्याला शिक्षाच धरतात. म्हणजे दाजींना जिथे दंड भरून सुटता येईल तिथे तुमची अठरा वर्षं जातील. बोटांचे ठसे द्यायला इमिग्रेशनच्या ऑफिसात जाल तेव्हा पिस्तूल घरी, गाडीत पण नको, ती फेडरल जागा आहे. दोन बियर घेतल्यात तर त्या दिवशी लावायचंच नाही.

पोलिसांनी गाडी थांबवली तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि आधी शब्दात सांगा की कमरेला उजवीकडे पिस्तूल आहे, कागद मागच्या खिशात आहेत, काय करू. लायसन असेल तर ओळखपत्राबरोबर ते पण दाखवणं बंधनकारक आहे. ते म्हणाले पिस्तूल आम्ही काढून घेतो तर घेऊ द्या, तुम्ही हात लावू नका.

निवृत्त_पीएसआय:

मुलाकडे ऑस्टिनला आलोय सहा महिन्यांसाठी. तीस वर्षं नोकरीत कमरेला हत्यार होतं म्हणून दोन गोष्टी सांगतो.

आमच्या रिव्हॉल्व्हरला लॅनयार्ड असायचा, दोरी, एक टोक मुठीला आणि एक खांद्याला. गर्दीत, बंदोबस्तात कुणी हिसकावलं तर हत्यार हातून जाऊ नये म्हणून. उघडं हत्यार म्हणजे समोरच्याला पहिल्यापासून माहीत की तुमच्याकडे आहे आणि कुठे आहे. तुम्ही वाकताना तुम्हाला जी भीती वाटली ती अक्कल आहे, ती सोडू नका. इथे मुलाबरोबर दुकानात गेलो तर लोक अशी होल्स्टर लावून फिरताना बघितले की बोटानं उचललं तरी पिस्तूल बाहेर येईल. खटका दाबल्याशिवाय पिस्तूल सुटत नाही असं होल्स्टर घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं, कडक प्लास्टिकचं, आणि जाड पट्टा. पैसे वाचवायची जागा नाही ही.

दुसरं म्हणजे रात्रीच्या डेस्कबद्दल. पाना घेऊन आलेला माणूस पैसे घेऊन गेला आणि तुम्ही घरी गेलात. त्या रात्री हत्यार असतं तर तुम्ही काढलं असतं का, काढलं असतं तर त्यानं काय केलं असतं, हे शांतपणे बसून विचार करा. मी नोकरीत एकदाच झाडलं, हवेत, आणि नंतर कित्येक महिने झोप नव्हती. हत्यार असलेल्या माणसानं भांडणात आधी मागे सरायचं असतं, शिवी खायची असते. ते जमणार असेल तरच लावा. आणि मोटेलला दार आतून बटणानं उघडणारं करता येतं का, काच लावता येते का, गल्ल्यात रात्री वीस-तीस डॉलरच ठेवता येतात का, हे दाजींना विचारा.

ऋतुजा_प्लानो:

मी वेगळ्या बाजूनं लिहिते, राग मानू नका.

आमच्या घरापासून अ‍ॅलनचा आउटलेट मॉल जवळ आहे. ६ मे २०२३ ला शनिवारी दुपारी तिथे एका माणसानं आठ लोकांना मारलं, त्यात हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी पण होती. आम्ही आदल्या शनिवारी तिथे होतो. तेव्हापासून दुकानात कमरेला पिस्तूल दिसलं की मी मुलाचा हात धरून दुसऱ्या रांगेत जाते. तुमच्या हार्डवेअरच्या दुकानातली ती बाई मी असू शकले असते. मला तुम्ही चांगले की वाईट हे कळायला मार्गच नसतो हो, आणि ते कळेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.

त्या दिवशी अ‍ॅलनमध्ये एक पोलिस दुसऱ्याच कामासाठी तिथे होता, त्यानं आवाज ऐकून धावत जाऊन त्या माणसाला मारलं. मी नेहमी विचार करते, त्याच्या वाटेत अजून कुणी हातात पिस्तूल घेऊन उभा असता तर? आणि हे नुसतं कल्पनेतलं नाहीये, ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये पाच पोलिस मारले गेले त्या संध्याकाळी मोर्चात एक कृष्णवर्णीय माणूस कायद्यानं चालते तशी उघडी रायफल घेऊन आला होता. गोळीबार सुरू झाल्यावर त्यानं रायफल स्वतः पोलिसाच्या हातात दिली, तरी त्याचा फोटो संशयित म्हणून जगभर फिरला. त्याचा काहीच संबंध नव्हता. तुम्ही रंगाचं विचारलंत म्हणून सांगितलं.

२०१९ मध्ये एल पासोच्या गोळीबारानंतर वॉलमार्टनं पण लोकांना सांगितलं की उघडं घेऊन येऊ नका.

आणि एक अगदी आपल्यातलं. मंडळाचा गणपती, दिवाळीचा कार्यक्रम, रविवारची मराठी शाळा हे सगळं बरेचदा इथल्या शाळांच्या हॉलमध्ये असतं. शाळेची इमारत म्हणजे पूर्ण बंदी, आपला कार्यक्रम असला तरी. माझ्या डोळ्यासमोर एक दादा सवयीनं कुर्त्याखाली लावून आले होते आणि दारातच कुणीतरी हळूच सांगितलं म्हणून गाडी घेऊन घरी गेले. ते पण ग्रीन कार्डवरच होते.

ह्यूस्टनकर_जुना:

ऋतुजाताई, शाळेच्या हॉलचं मी विसरलोच होतो, बरं झालं लिहिलंत. पण सगळ्या लावणाऱ्यांना एका मापात मोजू नका, रात्री तीन वाजता हायवेवर एकटा बसलेला माणूस आणि मॉलमध्ये मिरवणारा यात फरक आहे. उघडं लावण्याबद्दल मात्र मी आता तुमच्याच बाजूचा आहे. मी स्वतः २०१८ नंतर उघडं लावणं सोडलं, लायसन आहे, लपवून लावतो. उघडं लावून मला कधी जास्त सुरक्षित वाटलं नाही, फक्त जास्त लोकांच्या नजरेत आलो.

नवीन_इर्व्हिंग:

मधेच विचारतो, मी एच-१बी वर आहे, मित्र म्हणतात रेंजवर भाड्याची बंदूक घेऊन नुसतं शूटिंग करायला काही लागत नाही. खरंय का?

ह्यूस्टनकर_जुना:

नाही, थांबा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला फेडरल कायद्यानं मनाई आहे, स्वतःची असो की भाड्याची. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन. ते काढा, खिशात ठेवा, मग जा. २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या रेहाइफ केसमधला मुलगा विद्यार्थी व्हिसावर आलेला होता, कॉलेजनं काढून टाकल्यावर फ्लोरिडात रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या आणि तेवढ्यावरून फेडरल केस झाली. मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा.

रातपाळी_आय२०:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री डेस्कवर बसून तीन वेळा वाचलं आणि सकाळी ताईला आणि दाजींना वाचून दाखवलं. डिपोर्टेशनचं दाजींना खरंच माहीत नव्हतं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले माझं चुकलं, मी माझ्या हिशोबानं सांगत होतो.

बायको म्हणाली पहिली गोष्ट म्हणजे पिस्तूल कपाटात नको, घरात पोरगी आहे. आज लोखंडी पेटी आणली, बोटांनी नंबर दाबून उघडणारी, भिंतीला बोल्ट मारून बसवली. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा पण इथे गुन्हा आहे हे मला पेटीच्या दुकानात कळलं.

डेस्कपुढे काच आणि दाराला बटण, दोन्हीचा भाव काढायला माणूस गुरुवारी येतोय. लायसनच्या क्लासला पुढच्या महिन्यातल्या शनिवारी नाव घातलंय, तोपर्यंत पिस्तूल पेटीत आणि रेंजवर, बाकी कुठे नाही. पीएसआय साहेब, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी शोधतोय, त्या रात्री मी काढलं असतं का. मला वाटतं काढलं असतं, आणि हात इतका थरथरत होता की मला गल्ल्याची किल्ली पण दोनदा लागली नव्हती.

ऋतुजाताई, त्या बाईला परत बघितलं तर ओळखणार नाही मी, पण त्या दुकानात आता जातो तेव्हा शर्ट बाहेर असतो आणि कमरेला काही नसतं.