मालकाने दिला तर व्यवहार, खेळाडू गेला तर गद्दारी?

फ्रिस्कोकर :
डॅलसमध्ये राहून ज्यांना खेळाचं वेड आहे त्यांचं २०२५ साल बेकार गेलं. फेब्रुवारीत इथल्या बास्केटबॉल (एनबीए) संघाने, मॅव्हेरिक्सने, आपला हुकमी खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला. वय पंचवीस, आदल्याच मोसमात संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलेलं. बदल्यात आले अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ सालची पहिल्या फेरीची एक ड्राफ्ट पिक (म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क). त्यातून सावरतोय तोच ऑगस्टअखेर इथल्याच फुटबॉल संघाने, काउबॉइजनी, मायका पार्सन्सला ग्रीन बे पॅकर्सकडे रवाना केलं, पहिल्या फेरीच्या दोन पिक्स आणि केनी क्लार्क घेऊन. (फुटबॉल म्हणजे या धाग्यापुरतं एनएफएलचं, अंडाकृती चेंडूचं. मेस्सीवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.)

लुका गेला तेव्हा अरीनाबाहेर डर्क नोविट्झकीच्या पुतळ्यापाशी लोक शवपेटी घेऊन आले होते. एवढा संताप. पण अशा कुठल्याही ट्रेडवर (संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीवर) थोडे दिवस गेले की चर्चा कशाची होते? पिक कितव्या नंबरची, सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाने पगारावर किती खर्चायचे त्या मर्यादेत, जागा किती झाली, डील कुणी मारलं. हेच खेळाडू आपल्या मर्जीने गेला की मात्र त्याच्या नावावर कायमची काट. लेब्रॉन २०१० मध्ये मायामीला गेला, क्लीव्हलंडमध्ये त्याच्या जर्सी जाळल्या. ड्युरांट २०१६ मध्ये वॉरियर्सकडे गेला, त्याची दोन विजेतेपदं आजही लोक ‘ती नाही धरायची’ म्हणतात.

आणि लेगसी मोजायची कशाने, तर अंगठ्यांनी (दर विजेतेपदाला एक)! जॉर्डनच्या सहा. पण स्कॉटी पिपेनला १९८७ साली ड्राफ्ट केलं होतं सिएटलने, त्याच रात्री ट्रेड करून शिकागोत आणला. डेनिस रॉडमन १९९५ मध्ये सॅन अँटोनियोकडून आला, विल पर्ड्यूच्या बदल्यात! हे शिकागो बुल्सचा जनरल मॅनेजर (संघ जुळवणारा माणूस) जेरी क्रॉस याच्या ऑफिसातलं काम. ऑफिसने जोडीदार आणून दिले तर थोरवी खेळाडूची, आणि खेळाडू स्वतः जोडीदारांकडे चालत गेला तर पळपुटा. हा हिशेब मला पटत नाही. बोला.

जॉर्डनभक्त :
साफ असहमत. पिपेन आला १९८७ ला. त्यानंतर ८८, ८९, ९० अशी सलग तीन वर्षं डेट्रॉइट पिस्टन्सनी बुल्सना बाहेर काढलं. नुसतं हरवलं नाही, हाणून पाडलं. ‘जॉर्डन रूल्स’ म्हणजे बास्केटकडे घुसला की आडवा करा. जॉर्डनने काय केलं? व्यायामशाळेत जाऊन अंगावर वजन चढवलं आणि १९९१ ला त्याच पिस्टन्सना ४-० धुतलं. शेवटचा सामना संपायच्या आधीच त्यांचे खेळाडू हस्तांदोलन न करता निघून गेले.

ड्युरांटने काय केलं? वॉरियर्सविरुद्धच्या मालिकेत ३-१ अशी आघाडी होती. ती घालवली. आणि पाच आठवड्यांत त्यांच्याच दारात. ७३-९ (७३ विजय, ९ पराभव) अशा विक्रमी संघात! गद्दारी म्हणा किंवा म्हणू नका, पराक्रम म्हणू नका एवढंच.

फ्रिस्कोकर :
जॉर्डनभक्त, एक बारीकशी गोष्ट तुम्ही गाळलीत. जॉर्डनने १९८८ साली आठ वर्षांचा करार केला होता. मोकळा झाला तो थेट १९९६ ला, तोवर चार अंगठ्या बोटात. न जाण्याचं श्रेय द्यायचं तर जायला वाट तरी हवी ना?

जॉर्डनभक्त :
वाट नव्हती म्हणता? ट्रेड मागण्याची वाट तेव्हाही होती. करीम अब्दुल-जब्बारने मिलवॉकीकडे ‘मला सोडा’ म्हणून सांगितलं आणि १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. जॉर्डनने मागितलं नाही.

मीरा_ह्यूस्टन :
आता करीमचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून. मिलवॉकीत एक विजेतेपद, मग स्वतः मागून ट्रेड, लेकर्सबरोबर आणखी पाच. त्या पाचांना कोण अर्धं मोजतं? कुणीही नाही. मॅजिक जॉन्सन आयता मिळाला म्हणून त्याला टोमणा मारलेला ऐकलाय कधी?

पण फ्रिस्कोकरांशीही मी पूर्ण सहमत नाही. ड्युरांट कुठे गेला याला महत्त्व आहेच. आणि कसा जाऊ शकला यालाही. २०१६ च्या उन्हाळ्यात टीव्हीच्या नव्या कराराचे पैसे आले आणि सॅलरी कॅप एका झटक्यात ७ कोटी डॉलरवरून ९.४ कोटींवर गेली. लीग म्हणत होती टप्प्याटप्प्याने वाढवू, खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला. ती उडी नसती तर वॉरियर्सच्या करी, थॉम्पसन, ग्रीन यांच्या शेजारी ड्युरांटचा पगार बसलाच नसता. तेव्हा त्याने घेतलेला निर्णय बुद्धीला पटतो, मनाला पटत नाही. माझ्या पुरतं दोन्ही खरं आहे. आणि हो, तो आता आमच्या रॉकेट्समध्ये आहे, त्यामुळे मी त्याला शिव्या देऊ शकत नाही. :)

अर्धवटराव :
टॉम ब्रेडी राहिला की राव! वीस वर्षं न्यू इंग्लंड, सहा सुपर बोल (एनएफएलची विजेतेपदं). २०२० ला स्वतःच्या मर्जीने टँपा बे. पहिल्याच मोसमात सातवा. लेगसी घटली की वाढली? वाढली! वर निवृत्त झालेल्या ग्रॉन्कोव्स्कीलाही मागून घेतला. लेब्रॉनने हेच केलं की ‘मित्र जमवतो’.

जॉर्डनभक्त :
अर्धवटराव, टँपा बे आदल्या वर्षी ७-९ होतं. २००७ नंतर प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ब्रेडी पडक्या घरात गेला आणि ते उभं केलं. ड्युरांट बांधलेल्या महालात गेला. यात फरक दिसत नसेल तर हा धागा निरर्थक.

मोटारनगरी :
डेट्रॉइटमधून लिहितोय. इथे एक असा ट्रेड झालाय ज्यात तुमच्या सगळ्यांचं म्हणणं अर्धं खरं ठरतं.

मॅथ्यू स्टॅफर्ड, २००९ चा पहिल्या क्रमांकाचा पिक. लायन्स या इथल्या फुटबॉल संघासाठी बारा मोसम. खांदा निखळलेला असताना टचडाउन फेकणारा माणूस. प्लेऑफमध्ये एकही विजय नाही, आणि त्यात त्याची चूक कमी, संघाची जास्त. २०२१ च्या जानेवारीत त्याने स्वतः सांगितलं की मला जाऊ द्या. लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीचे दोन पिक्स आणि एक तिसऱ्या फेरीचा देऊन त्याला घेतला. गॉफ या व्यवहारात जवळजवळ ओझं म्हणून आला, त्याचा पगार रॅम्सना डोईजड झाला होता. २०२२ च्या फेब्रुवारीत स्टॅफर्ड सुपर बोल जिंकला. इथे शेजारीपाजारी सगळे खूश होते, रॅम्सची जर्सी घालून सामना बघणारेही होते. ‘आपल्या पोराला मिळालं’ असा भाव. गद्दार वगैरे कुणी म्हटलं नाही.

आता पुढचं. १४ जानेवारी २०२४, प्लेऑफ, स्टॅफर्ड रॅम्सबरोबर फोर्ड फील्डवर परत. मी वरच्या मजल्यावर होतो. तो सरावासाठी बाहेर आला आणि अख्ख्या स्टेडियमने हुर्यो उडवली. ज्या माणसासाठी दोन वर्षांपूर्वी टाळ्या वाजवल्या, त्यालाच! आणि मग ‘जॅ-रेड गॉफ, जॅ-रेड गॉफ’. ओझं म्हणून आलेला तो. लायन्स २४-२३ जिंकले, बत्तीस वर्षांनी प्लेऑफमधला पहिला विजय. शेजारी बसलेले एक आजोबा चक्क रडत होते, आणि मघाशी हुर्यो करण्यात तेच सगळ्यात पुढे होते.

रॅम्सच्या पिक्स फिरवून मिळालेले जमीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा लायन्सकडून खेळत होते. म्हणजे एकाच ट्रेडमध्ये दोघं जिंकले. असं क्वचित होतं, म्हणून कुणी त्यावर भांडत नाही.

कोथरूडकर :
पहाटे अलार्म लावून बघणारा इथला एक जीव. तुम्ही एवढ्या लांबची उदाहरणं कशाला देताय? हार्दिक पंड्या! २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरात टायटन्सकडून ट्रेडने मुंबईत आला, मग रोहितचं कर्णधारपद त्याला दिलं. निर्णय मालकांचा. २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर हुर्यो कुणाला? हार्दिकला. मालकांच्या बॉक्सकडे बघून कुणी ओरडलं नाही. आणि त्याच वर्षी ४ जुलैला विश्वचषक घेऊन आला तेव्हा त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’. प्रेक्षकाला लेगसी-बिगसी काही कळत नाही हो.

(‘गद्दार’ शब्दावरून महाराष्ट्राच्या राजकारणाकडे कुणी वळू नका, संपादक धागा उडवतील.)

फ्रिस्कोकर :
कोथरूडकर, झकास. मोटारनगरी, तुमचा प्रतिसाद वाचून मला हर्शेल वॉकर आठवला. डॅलसमध्ये याची कथा पुराणासारखी सांगतात, पण ती नेहमी ऑफिसच्या बाजूने.

१९८९. जेरी जोन्सने नुकताच काउबॉइज संघ विकत घेतलेला, जिमी जॉन्सन नवा प्रशिक्षक, संघ भिकार. त्या वर्षी १-१५. हातात एकच खणखणीत नाणं : वॉकर, आदल्या मोसमात चेंडू घेऊन १,५१४ यार्ड धावलेला. ऑक्टोबरमध्ये तो मिनेसोटा व्हायकिंग्जला दिला. बदल्यात पाच खेळाडू आणि पिक्सचा ढीग. गोम अशी की त्या खेळाडूंना पिक्स जोडलेले होते. ठरलेल्या तारखेआधी डॅलसने खेळाडू काढून टाकला तर मिनेसोटाने त्याच्या जागी पिक द्यायचा. व्हायकिंग्जना वाटलं यांना खेळाडू हवेत. जॉन्सनला खेळाडू नकोच होते! त्या पिक्सच्या उलाढालीतून एमिट स्मिथ आला, डॅरेन वुडसन आला, आणि १९९२ ते १९९५ च्या मोसमांत तीन सुपर बोल.

जॉन्सन हुशार, मान्य. पण वॉकरचं काय झालं? मिनेसोटातल्या पहिल्याच सामन्यात तो १४८ यार्ड धावला. मग त्याच्याभोवती आक्रमण कसं रचायचं हे तिथल्या प्रशिक्षकांना जमलंच नाही, १९९१ च्या मोसमानंतर त्याला सोडून दिलं. एनएफएलमध्ये त्याच्या नावावर ८,००० हून जास्त रशिंग यार्ड आहेत, त्याआधी यूएसएफएल या दुसऱ्या लीगमधली तीन वर्षं वेगळीच. आज त्याचं नाव कशासाठी घेतात? ‘इतिहासातला सगळ्यात वाईट ट्रेड’. व्यवहार दोन ऑफिसांनी केला, एकाने दुसऱ्याला गंडवलं, आणि डाग लागला ज्याला कुणी फारसं विचारलंही नव्हतं त्याला. आणि विचारायची वेळ आली तेव्हा जायला राजी व्हावा म्हणून त्याच्या हातात वेगळे पैसे ठेवले. खेळाडूची लेगसी ऑफिसात कशी ठरते याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

जॉर्डनभक्त :
वॉकरचं वाईट वाटलं, खरंच. पण ती १९८९ ची गोष्ट. तेव्हा एनएफएलमध्ये खरी फ्री एजन्सी (करार संपला की हव्या त्या संघात जायची मोकळीक) नव्हती, ती १९९३ ला आली. आजचा खेळाडू बिचारा नाही. तुमचाच ड्युरांट घ्या. ब्रुकलिनबरोबर २०२१ ला चार वर्षांचा नवा करार केला आणि तो सुरू व्हायच्या तोंडावर, जून २०२२ मध्ये, म्हणतो मला ट्रेड करा. मग सही कशाला केली होती? नोकरीत मी असं केलं तर एचआर मला दारापर्यंत सोडायला येईल.

मीरा_ह्यूस्टन :
तुमच्या कंपनीने तुम्हाला न विचारता रात्रीतून दुसऱ्या शहरातल्या कंपनीला दिलं तर? लुकाला झोपायच्या वेळी फोन आला. आणि फोनची किंमत बघा : डॅलसमध्ये राहिला असता तर पाच वर्षांच्या ३४.५ कोटी डॉलरच्या कराराला तो पात्र ठरला असता. संघ बदलल्याबरोबर ती पात्रता गेली. लेकर्सबरोबर त्याने तीन वर्षांचे १६.५ कोटी घेतले. पैसे प्रचंडच आहेत, कुणी त्याच्यासाठी वर्गणी काढू नका. पण करार मोडला म्हणायचं तर आधी कुणी मोडला?

एप्रिलमध्ये तो डॅलसला खेळायला आला तेव्हा त्याचा व्हिडिओ लावला होता. बाकावर टॉवेलने डोळे पुसत होता. मग उठून ४५ गुण केले.

अर्धवटराव :
सगळं ठीक, पण फ्रिस्कोकर, तुमचा सिद्धांत पार्सन्सपाशी पंक्चर होतो. १ ऑगस्टला त्याने जाहीरपणे ट्रेड मागितला. म्हणजे स्वतः निघाला. तुमच्या हिशेबाने डॅलसने त्याची जर्सी जाळायला हवी होती. लोक तर मालकाला शिव्या घालतायत!

फ्रिस्कोकर :
अर्धवटराव, प्रश्न रास्त आहे. पार्सन्सने मागितला कारण जेरी जोन्स त्याच्या एजंटशी बोलायलाच तयार नव्हता. आपण दोघं बसून ठरवलंय ना, असं जोन्सचं म्हणणं. पॅकर्सनी आल्याआल्या चार वर्षांचे १८.८ कोटी दिले. महिन्याभरात तो इथे खेळायला आला, सामना ४०-४० बरोबरीत सुटला, माझा आवाज बसला आणि निकाल काहीच नाही. पण लोकांचा राग मालकावर गेला त्याचं कारण वेगळं आहे. इथे पडदाच नाही. बाकी संघांत मालक मागे, जनरल मॅनेजर पुढे. काउबॉइजमध्ये दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस, १९८९ पासून.

जॉर्डनभक्त :
म्हणजे मालक दिसला की राग योग्य ठिकाणी जातो, एवढंच ना? मग मॅव्हेरिक्सच्या लोकांनीही बरोबर माणूस शोधला होता. निको हॅरिसनला नोव्हेंबरमध्ये काढलाच की.

फ्रिस्कोकर :
काढला. ‘फायर निको’च्या घोषणा ऐकून ऐकून मालकांनी जनरल मॅनेजरला काढला. आमच्याकडे घोषणा कुणाला ऐकवायच्या? जेरी जोन्सने जेरी जोन्सला काढायला हवं, आणि त्यासाठी आधी त्याला एजंटशी बोलावं लागेल.