रोमानी ‘गेलो’ आणि मराठी ‘गेला’

प्रश्न : युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांनी १९७१च्या जागतिक परिषदेत आपलं म्हणून स्वीकारलेलं गीत ‘गेलेम, गेलेम’ या शब्दांनी सुरू होतं. अर्थ सरळ ‘गेलो, गेलो’. रोमानीत, म्हणजे त्यांच्या भाषेत, ‘तो गेला’ला ‘गेलो’ आणि मेलेल्याला ‘मुलो’ म्हणतात. मग त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून गेले असं म्हणता येईल का?

उत्तर : नाही. दोन्हीकडे ‘ल’ दिसतो, पण तो आला वेगवेगळ्या वाटांनी. मराठीत प्राकृतातला ‘-इल्ल’ प्रत्यय लागून गेला, मेला, केला ही रूपं झाली. रोमानीत प्रत्यय नाही, दोन स्वरांमधल्या ‘त’चाच ‘ल’ झाला आहे. पडताळा घ्यायचा तर क्रियापदं बाजूला ठेवा. शंभरला रोमानीत ‘शेल’ म्हणतात, मूळ ‘शत’. बाईला ‘जुवेल’, मूळ ‘युवती’. इथे भूतकाळाचा प्रश्नच येत नाही. उलट आपल्या ‘केला’च्या जागी तिकडे ‘केर्दो’ आहे, त्यात ‘ल’ औषधालाही नाही.

खरी गंमत ‘घाम’ची. रोमानीत घ, ध, भ यांचे ख, थ, फ झाले: घर ‘खेर’, दूध ‘थुद’ (इथे ‘ध’मधला ‘ह’ आधी पुढच्या ‘द’कडे सरकला), भूमी ‘फुव’. त्याच नियमाने ‘घर्म’चा झाला ‘खाम’, आणि खाम म्हणजे सूर्य! संस्कृतात घर्म म्हणजे उष्णता. आपण त्यातून अंगावरचं पाणी उचललं, त्यांनी डोक्यावरचा सूर्य. मला हा शब्द फार आवडतो.

प्रवासाचा माग शब्दांतच आहे. येक, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव इथपर्यंत आपण ओळखीच्या मुलखात असतो. पुढे एफ्ता, ओख्तो, एन्या हे सात-आठ-नऊ ग्रीक, आणि दहाला परत ‘देश’. रस्त्याला ‘द्रोम’, तोही ग्रीक. इराणी आणि आर्मेनियन शब्दही आहेत, म्हणजे वाट इराण, आर्मेनिया, ग्रीक बोलणारं बायझंटाइन साम्राज्य अशी. भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांनी १९२६ साली मांडलं की या भाषेचा पाया भारताच्या मध्य भागातल्या, हिंदी पट्ट्याकडच्या बोलींचा आहे आणि पुढचा मुक्काम वायव्येकडे पडला. ‘त्रिन’मधलं टिकून राहिलेलं ‘त्र’ हे जोडाक्षर तिकडचीच खूण.

प्रश्न : आणि बंजारे? रोमा म्हणजे आपले बंजारेच ना?

उत्तर : असं सर्रास लिहिलं जातं, पण बंजाऱ्यांची भाषा गोरमाटी राजस्थानीच्या कुळातली आहे, त्यात वर सांगितलेले बदल नाहीत. नावाचा धागा शोधायचा तर ‘डोम’ घ्या. युरोपातले रोम, आर्मेनियातले लोम, पश्चिम आशियातले डोम ही एकाच शब्दाची रूपं. आपला ‘डोंबारी’ही त्याच ‘डोम्ब’मधून आला.