घरात नळदुरुस्तीची कोणती हत्यारं ठेवावीत?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही सिंहगड रस्त्याजवळ एका जुन्या सोसायटीत राहायला आलो. इमारत १९९८ची, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गेल्या शनिवारी रात्री सिंकखालचा अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा नळ) बंद करायला गेले तर त्याची मूठ हातात आली आणि पाणी काही थांबेना. नवरा टूरवर, घरात मी आणि सासूबाई. शेवटी वॉचमनकाकांनी गच्चीवर जाऊन अख्ख्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. प्लंबर मिळाला रविवारी दुपारी, तोवर वरच्या-खालच्या सगळ्यांचं पाणी बंद.

आता घरात थोडी हत्यारं ठेवायचीच असं ठरवलंय. ऑनलाइन ४० नगांचा एक सेट दिसतोय, तो घ्यावा का? की सुटी हत्यारं घ्यावीत? मला याआधी नळाचं काही काम येत नाही, पण शिकायची तयारी आहे.

डोंबिवलीकर

टेफ्लॉन टेप, एक चांगली पक्कड आणि एम-सील. आमचं एवढ्यावर भागतं. बाकी प्लंबरचे दोन नंबर जवळ ठेवा, एकच ठेवू नका.

कृष्णाकाठ

ताई, ४० नगांचा सेट अजिबात घेऊ नका. माझं माहेर सांगलीचं, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. शाळा सुटली की वायसर आणि निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाईपचा छोटा तुकडा) मोजून द्यायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे गिऱ्हाईक काय घेऊन जातं आणि काय घ्यायला पुन्हा येतं हे मी लहानपणापासून बघितलंय. अशा सेटमधली निम्मी हत्यारं नळाच्या कामाची नसतात. आणि जो पान्हा सगळ्यात जास्त लागतो तोच त्यात हलका असतो. जोर लावला की जबडा सैल होतो आणि नटाचे कोपरे झिजतात. कोपरे गेलेला नट काढणं प्लंबरलाही जड जातं.

हत्यारं थोडी आणि दणकट घ्या. १० इंची स्लाइड पान्हा (जबडा कमी-जास्त करता येणारा) एक, मध्यम मापाचा पाईप पान्हा एक. पाईप पान्ह्याचे दाते गोल पाईपला पकडतात, स्लाइड पान्हा नटाला. आपल्याकडे टपारियाची हत्यारं सगळीकडे मिळतात, त्यांचा कारखाना नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आहे. मी स्वतः तीच वापरते.

दोन पान्हे का, हे नीट समजून घ्या, कारण घरचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. भिंतीतून बाहेर आलेल्या निपलवर नळ बसवलेला असतो. तुम्ही एकाच पान्ह्याने नळ फिरवलात की तो जोर निपलमधून थेट भिंतीतल्या एल्बोपर्यंत, म्हणजे पाईपच्या वळणाच्या जोडापर्यंत जातो. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप आट्यांपाशीच सगळ्यात पातळ असतो आणि गंजतोही तिथेच. नळ सुटायच्या आधी निपलच आतल्या आत तुटलं, तर टाइल फोडायची वेळ येते. म्हणून डाव्या हातातल्या पान्ह्याने निपल जागेवर घट्ट धरायचं आणि उजव्या हाताने नळ सोडवायचा. चकचकीत नळावर दात्यांचा पान्हा लावायचाच झाला तर मध्ये जाड फडकं घ्या, नाहीतर पॉलिशवर कायमचे ओरखडे उठतात.

बाकी हत्यारांत दोन्ही तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जुना टूथब्रश आणि चांगली टॉर्च. सिंकखाली वाकून काम करताना टॉर्चवाचून काही दिसत नाही. मोबाईलचा दिवा ओल्या हातांनी धरवत नाही. तुंबलेल्या मोरीसाठी लाकडी दांड्याचा रबरी पंप ठेवा.

आता सुटं सामान. आमच्या दुकानात रात्री शटर ओढताना धावत येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एकच वस्तू हवी असायची, ती म्हणजे अर्ध्या इंचाचा प्लग. काही जण त्याला डमी म्हणतात. नळ किंवा अँगल कॉक मोडला तर तो काढून त्या जागी हा प्लग बसवायचा आणि पाणी पुन्हा सुरू करायचं. तेवढा एक नळ बंद राहतो, बाकी घराचं पाणी चालू. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ताटकळायला नको. अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे. तुम्ही दोन-तीन घेऊन ठेवा, पितळी घ्या.

त्याच्याबरोबर टेफ्लॉन टेपची दोन रिळं, रबरी वायसर, एक जास्तीचा अँगल कॉक आणि बेसिनखालचा एक कनेक्शन पाईप. कनेक्शन पाईप घेण्याआधी जुन्याची लांबी मोजून जा. १८ इंची आणि २४ इंची दोन्ही मिळतात. आखूड पाईप ताणून बसवला की नटापाशी गळायला लागतो.

टेप गुंडाळताना आट्यांचं टोक आपल्याकडे धरायचं आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ओढून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून बाहेर येते. त्याआधी जुनी टेप, धागा, सफेदा सगळं ब्रशने खरवडून आटे स्वच्छ करा. आपल्याकडची टेप पातळ असते, तेव्हा दहा-बारा वेढे द्यायला कचरू नका. नळ घट्ट झाल्यावर तोंड थोडं वाकडं राहिलं म्हणून तो उलटा फिरवून सरळ करायचा नाही. एवढंसं मागे घेतलं तरी टेपची पकड सुटते आणि ठिबक सुरू होते. पूर्ण काढायचा, नवी टेप लावायची, पुन्हा बसवायचा.

प्लास्टिकच्या आट्यांना मात्र एवढा जोर नको. हाताने घट्ट करून वर पान्ह्याने थोडंच फिरवा. जास्त आवळलं की सॉकेटला बारीक चीर जाते आणि ती दोन दिवसांनी कळते.

डोंबिवलीकरांनी एम-सीलचं लिहिलंय, ते ठेवा, पण त्यावर भिस्त नको. दोन्ही रंगांचे सारखे गोळे घेऊन रंग एक होईपर्यंत मळायचे आणि कोरड्या जागी लावायचे. वाहत्या पाण्याच्या तोंडावर ते धरत नाही, त्यामुळे पाणी आधी बंद करता आलंच पाहिजे.

म्हणून खरेदीच्या आधी उद्या सकाळी घरात फिरून एक काम करा. तुमच्या फ्लॅटपुरतं पाणी कुठे बंद होतं ते शोधा. बाथरूमच्या माळ्यावर, डक्टमध्ये, संडासाच्या खिडकीबाहेर, कुठेतरी कॉक असतोच. स्वयंपाकघराचा वेगळा असू शकतो. बोअरची लाइन वेगळी असेल तर तिचाही बघा. सासूबाईंनाही तो दाखवून ठेवा. आणि गीझरजवळ काही करायचं असेल तर आधी त्याचं बटण बंद.

मुठाकाठ

ताई, मनापासून धन्यवाद, इतकं कुणी समजावून सांगत नाही. कॉक सापडला, बाथरूमच्या माळ्यावर आहे, लाल गोल चाकाचा. पण तो हलतच नाही. पान्हा लावून फिरवू का? आणखी एक, आमचे पाईप लोखंडी आहेत की प्लास्टिकचे? वरून रंग दिलाय, काही कळत नाही. सिंकमधलं पाणीही हळू जातंय, त्यात ॲसिड ओतावं का?

चिपळूणची

पाईपचं मी सांगते. फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर जीआय. नाही चिकटलं तर एखाद्या कोपऱ्यात रंग खरवडा. पिवळसर पांढरा निघाला तर बहुधा सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाईप, तो गरम पाण्यालाही चालतो. पांढराशुभ्र असेल तर यूपीव्हीसी, तोही प्लास्टिकचाच, पण फक्त गार पाण्याचा. दोघांचं सोल्युशन (जोड चिकटवायचा डिंक) वेगळं आणि बाहेरचं मापही वेगळं, त्यामुळे दुकानात जाताना जुना तुकडा बरोबर न्या. नुसतं “अर्धा इंच द्या” म्हणून भागत नाही.

कृष्णाकाठ

चिपळूणच्या ताईंनी बरोबर सांगितलंय.

सिंकमध्ये ॲसिड नको. जाळीचं पॉलिश जातं, रबराचे वायसर खराब होतात आणि वाफ नाकातोंडात जाते. खाली बाटलीसारखा ट्रॅप असेल तर त्याखाली बादली ठेवा आणि तळाची वाटी हाताने फिरवून काढा. भाताची शितं आणि तेलकट गाळ तिथेच अडकलेला असतो. टूथब्रशने धुऊन परत लावताना वायसर सरळ बसलाय ना ते बघा.

तो लाल चाकाचा कॉक म्हणजे गेट व्हॉल्व्ह. पान्हा लावू नका. वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे आत क्षार धरलेत, जोर केला तर दांडा तुटेल आणि व्हॉल्व्ह आहे त्या स्थितीत अडकेल. सेक्रेटरींशी बोलून आदल्या दिवशी सूचना लावा, सकाळचं पाणी भरून झाल्यावर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि प्लंबरकडून त्या जागी पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्याची दांडी पाव फेरा फिरवली की पाणी पूर्ण बंद, आणि दांडी पाईपला आडवी दिसली की बंद आहे हे लांबूनही कळतं. पुढे महिन्यातून एकदा उघड-बंद करत जा, म्हणजे तो धरणार नाही. माळ्यावर जागा अरुंद असते, म्हणून बसवल्यावर दांडी भिंतीला किंवा शेजारच्या पाईपला न अडकता पूर्ण फिरते का, ते प्लंबर जायच्या आधी स्वतःच्या हाताने फिरवून बघा.