सारा बार्टमनची 'संमती': न्यायालयातील जबाब कसा वाचावा?

पारिजात:
सारा बार्टमन या दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई या मूळ रहिवासी समाजाच्या स्त्रीला १८१० साली केप टाऊनहून लंडनला नेऊन, पिकॅडिलीत तिकीट लावून, 'हॉटेंटॉट व्हीनस' या नावाखाली ('हॉटेंटॉट' हा खोईखोईंसाठी युरोपीयांचा हेटाळणीचा शब्द) लोकांना दाखवले जात असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा मात्र तिने आपण स्वखुशीने आलो असून नफ्यात आपला वाटा ठरला आहे, असा जबाब दिला आणि खटला निकाली निघाला. असे असताना तिला सरसकट गुलाम म्हणणे योग्य ठरेल का?

जुना वाचक:
केप वसाहतीत खोईखोई कायद्याने गुलाम नव्हते, त्यामुळे 'गुलाम' हा शब्द काटेकोर नाही, हे मान्य. परंतु १८०९च्या कॅलेडन फर्मानाने त्यांच्यावर ठरावीक ठिकाणी राहण्याची आणि परवाना बाळगण्याची सक्ती केली होती. व्यवहारात ते गोऱ्या मालकांना बांधलेलेच होते. ज्यांच्या घरी ती राबत होती त्या सीझर्स कुटुंबातील हेन्ड्रिक आणि लष्करी शल्यवैद्य अलेक्झांडर डनलॉप यांनीच तिला बोटीवर चढवले. वाचता न येणाऱ्या त्या बाईला करार वाचून दाखवण्यात आला होता, एवढ्यावर संमती सिद्ध झाली असे मला वाटत नाही. त्याच जबाबात तिने अधिक उबदार कपडे मागितल्याची नोंद आहे; तीच मला सर्वांत बोलकी वाटते.

जाता जाता: हे प्रकरण न्यायालयात नेणाऱ्यांत पुढाकार होता तो गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते झॅकरी मॅकॉले यांचा, म्हणजे आपल्याला १८३५च्या शिक्षणविषयक टिपणामुळे परिचित असलेल्या मॅकॉलेच्या वडिलांचा.

रानवाट:
लंडनच्या जबाबावर आपण फार रेंगाळतो. तिचा नकार स्पष्ट दिसतो तो पॅरिसमध्ये. तेथे ती एका प्राण्यांचे खेळ करणाऱ्याच्या ताब्यात होती. मार्च १८१५मध्ये वनस्पती उद्यानात कुव्हिए आणि इतर निसर्गशास्त्रज्ञांनी तिची पाहणी केली, तेव्हा पैशांचे आमिष दाखवूनही तिने रुमालाने झाकलेले अंग उघडे केले नाही. डिसेंबरअखेर ती वारली आणि जे जिवंतपणी तिने पाहू दिले नाही, ते कुव्हिएने शवविच्छेदन करून पाहिले. गंमत म्हणावी की चीड यावी, पण तिला डच चांगले, थोडे इंग्रजी आणि जुजबी फ्रेंच येत असे, तिची स्मरणशक्ती उत्तम होती, हे लिहून ठेवणाराही तोच, आणि तिची तुलना माकडांशी करणाराही तोच.

पारिजात:
रुमालाचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. तिचे अवशेष मायदेशी कधी परतले?

रानवाट:
सांगाडा आणि शरीराचा प्लास्टरचा साचा पॅरिसच्या संग्रहालयात १९७०च्या दशकापर्यंत प्रदर्शनात होता. मंडेला यांनी १९९४ साली मागणी केली, तरी फ्रान्सला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि त्यात २००२ उजाडले. त्या वर्षी ९ ऑगस्टला, दक्षिण आफ्रिकेच्या महिला दिनी, गामटूस नदीच्या खोऱ्यातील हँकी येथे तिचे दफन झाले.