गोदामाच्या आगीतील मृत्यू : आपल्याकडे ‘कोरोनर’चे काम कोण करते?

प्रश्न (सांगली)
हळदीच्या एका गोदामाला रात्री लागलेल्या आगीत तेथे राखणीला असलेले माझे चुलते वारले. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि वायरिंग कोणीही तपासलेले नसताना पंचनाम्यात आगीचे कारण ‘शॉर्टसर्किट’ असे लिहिले. काका शटरपासून दोन हातांवर पडलेले होते. मुठी आवळलेल्या आणि कोपरे दुमडलेली होती, त्यामुळे झटापट झाली असावी अशी शंका घरात सर्वांना आहे. सिडनीला असलेली आमची बहीण म्हणते की, तिकडे अशा वेळी कोरोनर, म्हणजे अकस्मात मृत्यूंचे कारण शोधण्यासाठी नेमलेला अधिकारी, चौकशी करतो. आपल्याकडे हा अधिकार कोणाला आहे?

उत्तर (वकील, सातारा)
दादा, काकांचे वाचून वाईट वाटले. कोरोनर हे पद मुंबई-कोलकात्यासारख्या शहरांपुरतेच होते, 1871 च्या कायद्याखाली चालत असे आणि मुंबईतही ते 1999 मध्ये रद्द झाले. आपल्या जिल्ह्यांत ते काम पोलीस आणि दंडाधिकारी यांच्यात वाटलेले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे ठाण्याचा प्रभारी अधिकारी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवून, किमान दोन पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाच्या पाहणीचा पंचनामा, करतो. त्यात अंगावरील जखमा आणि मृत्यूचे वरकरणी दिसणारे कारण नोंदवायचे असते. पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिले म्हणून आगीचे कारण सिद्ध झाले, असे कृपया धरू नका.

कलम 196 खाली दंडाधिकारी पोलीस तपासाऐवजी किंवा त्याच्या जोडीने स्वतः चौकशी करू शकतात, जरूर पडल्यास पुरलेला मृतदेहही बाहेर काढायला लावू शकतात. अशा चौकशीत शक्य तेथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यायचे, अशी तरतूद आहे, पण ती फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. प्रांत (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

उत्तर (न्यायवैद्यक डॉक्टर, मिरज)
मुठी आवळणे आणि कोपरे दुमडणे हे उष्णतेने स्नायू आखडल्यामुळे होते, मृत्यूनंतर शरीर जळाले तरीही होते. त्यावरून झटापट झाली असे म्हणता येत नाही. खरा प्रश्न आहे तो आग लागली तेव्हा ते श्वास घेत होते का, हा. शवविच्छेदन अहवालात श्वासनलिकेत काजळी आढळल्याची नोंद आहे का, आणि धुरासोबत श्वासातून रक्तात जाणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या तपासणीसाठी नमुना पाठवला का, हे पाहा. दोन्ही नसतील, तर शंका घेण्यास जागा आहे.

उत्तर (सिडनी, मूळचे कराड)
येथे न्यू साउथ वेल्समध्ये कोणी दगावले नसले, तरी आग आणि स्फोट यांचे कारण व उगम शोधण्याचा अधिकार कोरोनरला आहे. तो कोणाला दोषी ठरवत नाही. गंभीर गुन्ह्याचा पुरेसा पुरावा दिसल्यास कामकाज थांबवून प्रकरण सरकारी अभियोक्त्यांकडे सोपवतो. पुढील मृत्यू टळावेत म्हणून शिफारशीही करतो.

वकील, सातारा
आपल्याकडे नेमकी हीच जागा रिकामी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विजेमुळे झालेल्या अपघातांची चौकशी 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 161 खाली विद्युत निरीक्षक करतात, अग्निशमन दल आपला अहवाल देते, पोलीस मृत्यूपुरते पाहतात. तिन्ही धागे जुळवून उत्तर देण्याची जबाबदारी कोणा एकावर नाही. 25 जानेवारी 2005 रोजी आमच्याच सातारा जिल्ह्यात मांढरदेवला चेंगराचेंगरी झाली, दुकाने पेटली, अडीचशेहून अधिक भाविक गेले, तेव्हा शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. एका राखणदारासाठी आयोग बसत नाही, आणि म्हणूनच त्याच्या घरच्यांना प्रत्येक कागदामागे स्वतः धावावे लागते.

प्रश्नकर्ता
उद्याच प्रांतांकडे अर्ज देतो. मालक मात्र शनिवारी राडारोडा उचलणार आहेत.

वकील, सातारा
मग अर्जाच्या आधी ठाण्यात जा. मेन स्विच, जळालेल्या वायरी आणि शटरचे कुलूप पंचनामा करून जप्त करावे, अशी लेखी मागणी आजच द्या, आणि तिची प्रत विद्युत निरीक्षकांनाही पाठवा.