डिझेल लिऑनने वर्ल्ड टूरिंग कार कशी जिंकली? (२००८ आणि २००९चे हंगाम)

सातपूर_ते_त्र्यंबक

नमस्कार मंडळी. डब्ल्यूटीसीसीचे (वर्ल्ड टूरिंग कार चॅम्पियनशिपचे) जुने हंगाम ओळीने बघतोय, सध्या २००८ आणि २००९ चालू आहेत. दोन्ही वर्षी सेआत लिऑन टीडीआय, म्हणजे चक्क डिझेल आणि तीही पुढच्या चाकांवर चालणारी. आधी इव्हान मुलर, नंतर गॅब्रिएले तारक्विनी. त्याआधी २००५, ०६, ०७ अशी सलग तीन वर्षं अँडी प्रिओने बीएमडब्ल्यूवर विजेतेपद नेलेलं.

जिथे वाचावं तिथे एकच वाक्य सापडतं, 'डिझेलला टॉर्क जास्त म्हणून जिंकली.' एवढंच कारण आहे का? दुसरं म्हणजे पहिल्या रेसमध्ये लिऑन आरामात पुढे असते आणि त्याच दिवशी दुसऱ्या रेसमध्ये बीएमडब्ल्यू पहिल्या वळणाआधीच दोन-तीन गाड्या खाते. हे काय गौडबंगाल आहे?

तिसरा प्रश्न आमच्या कँटीनचा आहे. नाशिकच्या मायको सर्कलपासून सातपूरपर्यंत डिझेल नोझलवर मत नसलेला माणूस सापडणं कठीण, त्यामुळे वाद रोजचाच. स्विफ्ट डिझेल थोडी ट्यून करून ट्रॅकवर नेली तर असाच फायदा मिळेल का?

---

गिअर_रेशो

टॉर्कचं वाक्य अर्धवट आहे. आकडे मांडून बघ. अश्वशक्ती = न्यूटन-मीटर × आरपीएम ÷ ७०२४. समजायला सोपे जावेत म्हणून गोल आकडे घेतोय, कारखान्याचे नव्हेत. सुपर २००० (त्या वेळच्या टूरिंग कारची नियमावली) मधलं दोन लिटर पेट्रोल इंजिन, बिनटर्बोचं, ८००० आरपीएमला २४५ एनएम देतं असं धर. झाली २७९ अश्वशक्ती. टर्बो डिझेल ४४०० आरपीएमला ४४५ एनएम. झाली तीही २७९.

आता दोन्ही गाड्या एकाच वेगाने पळतायत. डिझेलचं इंजिन जवळपास निम्म्या आरपीएमवर फिरतंय, म्हणजे तिचं गिअरिंग लांब, रेशो ०.५५ पट. ४४५ × ०.५५ = २४५. चाकापर्यंत पोचेपर्यंत टॉर्कचा सगळा डामडौल संपला. अश्वशक्ती सारखी असेल तर त्या क्षणी चाकावरचा जोर सारखाच असतो, इंजिनच्या टॉर्कचा आकडा कितीही मोठा असो.

फरक पडतो तो गिअर बदलल्यानंतर. रेसिंगचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, वर टाकला की आरपीएम साधारण पाचव्या हिश्शाने पडतात. पेट्रोलवाला ८५०० ला बदलतो (तीच नियमाची मर्यादा होती) आणि ६८०० वर येऊन पडतो. बिनटर्बो इंजिनात तिथे हवा तेवढा टॉर्क वाढत नाही, शक्ती २५०च्या घरात उतरते आणि पुन्हा चढायला वेळ जातो. टर्बो डिझेल ४६०० वरून ३७०० ला आलं तर बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) तयारच असतो, टॉर्क वाढतो आणि शक्ती फारशी घसरत नाही. म्हणजे कमाल आकडा सारखा असला तरी लॅपभरातली सरासरी डिझेलची जास्त. पन्नास-साठ किलोमीटरच्या रेसमध्ये प्रत्येक गिअरला तो थेंब थेंब साठतो.

---

कसारा_घाट

मग घाटात भरलेल्या गाडीला डिझेल सुखाचं वाटतं ते काय खोटं?

---

गिअर_रेशो

खोटं नाही. तिथे तू गिअर न बदलता चढतोस आणि १८०० आरपीएमला काय मिळतं तेच मोजतोस. रेसवाला १८०० ला कधी येतच नाही. गिअर बदलायचा कंटाळा हा घाटातला निकष झाला, ट्रॅकवर त्याला कोणी विचारत नाही.

---

पिटवॉल_नाशिक

गिअर_रेशो यांचं गणित बरोबर, पण त्यात एक गृहीतक दडलंय, दोघांची कमाल शक्ती सारखी. ती सारखी ठेवायची कोणी? पेट्रोलवाल्यांवर दोन कुलपं होती, टर्बो नाही आणि ८५०० ची मर्यादा. दोन लिटर सिलिंडरमध्ये वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा शिरेल तेवढीच. डिझेलला बूस्ट किती द्यायचा हा मात्र नियमावलीतला आकडा. तो थोडा सैल राहिला की बीएमडब्ल्यू आणि शेव्हरलेवाल्यांकडे उत्तर नाही, कारण त्यांच्या इंजिनात आणखी पिळून काढायला काही उरलेलंच नाही. त्या दोन वर्षांतली बरीच कुरकुर याच आकड्यावरून होती, आणि माझ्या मते ती रास्त होती.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते मेक्सिकोतल्या पुएब्लाला. समुद्रसपाटीपासून २१०० मीटरच्या वर. हवेचा दाब तिथे साधारण ७८ किलोपास्कल, म्हणजे सपाटीच्या तुलनेत पाचव्या हिश्शाहून जास्त कमी. बिनटर्बो पेट्रोलची शक्ती त्याच प्रमाणात जाते, करता येण्यासारखं काही नसतं. (आपलं नाशिक ६०० मीटरच्या आसपास, त्यामुळे इथेही ६-७ टक्के जातातच, फक्त आपल्याला सवय झालेली आहे.)

डिझेलचा टर्बो ती तूट भरून काढतो, पण फुकट नाही. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) २.५ बार हवे असतील तर सपाटीला टर्बोने हवा अडीच पट दाबायची, पुएब्लाला ३.२ पट. टर्बोची चकती त्यासाठी जास्त जोरात फिरते, हवा जास्त तापते, आणि ती थंड करायला इंटरकूलरवरून जाणारी हवाही विरळच. बेअरिंग, होजचे क्लॅम्प, एग्झॉस्टचं तापमान, सगळं काठावर. तरी बीएमडब्ल्यूच्या तुलनेत हे दुखणं परवडलं.

आणि संख्याबळ विसरू नका. २००८ ला सेआतच्या मूळ संघात पाच गाड्या होत्या: मुलर, तारक्विनी, रिडेल, जेने, मोंतेरो. मोंझासारख्या लांब सरळ रस्त्याच्या ट्रॅकवर पात्रता फेरीत एकमेकांना टो देत (पुढच्या गाडीने हवा कापायची, मागचीने आडोशाने पळायचं) गेले की गाडीत काही न बदलता वेळ कमी होते. जिंकली ती कार, असं आपण म्हणतो, पण ती टोळी होती. २००९ ला तारक्विनी १२७ आणि मुलर १२३, भांडण शेवटपर्यंत घरातल्या घरात.

---

पोडियम_पंचवटी

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. त्या हंगामांत पहिली रेस रोलिंग स्टार्टने (चालत्या गाड्यांनी) आणि दुसरी स्टँडिंग स्टार्टने (उभ्या गाड्यांनी) सुटायची. कळीची गोष्ट ती.

उभ्या गाडीने सुटताना वजन मागे जातं. बीएमडब्ल्यूला मागची चाकं ढकलतात, त्यांच्यावर भार वाढतो; लिऑनला पुढची ओढतात, त्यांच्यावरचा कमी होतो. त्यात टर्बो डिझेल: क्लच सोडताना बूस्ट नसला तर इंजिन बसतं, आणि बूस्ट आला की एकदम येतो, पुढची चाकं जागेवरच फिरतात. ट्रॅक्शन कंट्रोल नाहीच. रोलिंग स्टार्टमध्ये हे दोन्ही त्रास गायब, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये बूस्ट भरून तयार. मागच्या चाकांच्या गाड्यांना किमान वजन जास्त ठेवलेलं असायचं ते या सुटण्याच्या फायद्याची भरपाई म्हणूनच, पण पहिल्या वळणापर्यंतच्या दोनशे मीटरात वजनाचा हिशेब कोण करतं.

त्यावर रिव्हर्स ग्रिड. पहिल्या रेसचे पहिले आठ दुसऱ्या रेसला उलट्या क्रमाने उभे. गुण १०-८-६-५-४-३-२-१. आता बघ: दुसरा आलास तर ८ गुण, पण दुसऱ्या रेसला सातव्या जागेवरून. आठवा आलास तर १ गुण, पण पुढची पोल (सुरुवातीची पहिली जागा) तुझी. बीएमडब्ल्यूसारखी उभ्याने सुटणारी गाडी असेल तर शेवटच्या लॅपला आठव्या जागेसाठी नवव्याची जी धडपड चालते ती पाचव्या-सहाव्याच्या भांडणापेक्षा जास्त बघण्यासारखी असते. सातवा माणूस ब्रेक जरा लवकर मारून 'चुकून' आठवा होतो, हेही नीट बघितलं तर दिसतं.

---

सातपूर_ते_त्र्यंबक

वा, आता दुसऱ्यांदा बघायला लागणार. स्विफ्टचं कोणीच बोललं नाही मात्र!

---

टायर_गेज

बोलतो, कारण यात पैसे वाया जातात.

१.३ लिटर डिझेल स्विफ्ट: ७५ अश्वशक्ती ४००० ला, १९० एनएम २००० ला. ४२०० नंतर इंजिन दमतं, कारण डिझेलचं ज्वलन त्यापुढे वेळेत पूर्ण होत नाही. रस्त्यावरच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आरपीएम साधारण एक तृतीयांश पडतात, ४२०० चे २८००. लिऑनला लाभ मिळाला तो जवळजवळच्या गिअरमुळे आणि त्या आरपीएमला तयार बूस्टमुळे. तुझ्याकडे यातलं पहिलं नाही, दुसरं अर्धं.

रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून इंधन वाढवलंस तर क्रम ठरलेला. आधी काळा धूर, म्हणजे हवा पुरत नाहीये. मग तिसऱ्या-चौथ्या गिअरला २०००-२५०० च्या दरम्यान क्लच घसरतो: आरपीएम चढतात, वेग चढत नाही. मग इंटरकूलरचा होज क्लॅम्पमधून सुटतो. हे सगळं सांभाळलंस तरी एग्झॉस्टचं तापमान राहतंच. रस्त्यावर तू दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल देतोस, ट्रॅकवर लॅपमागून लॅप देणार. ८००-८५० अंशांच्या वर सतत ठेवलं तर टर्बो आणि पिस्टन दोन्ही जातात. गेज बसवल्याशिवाय रीमॅपच्या वाटेला जाऊ नये.

तो खर्च आधी पुढच्या टायरवर आणि ब्रेकवर कर. पुढच्या चाकांच्या गाडीत तेच टायर ओढतात, वळवतात आणि बहुतेक ब्रेकिंगही करतात. डिझेलचं जड इंजिन त्यांच्याच डोक्यावर.

दाबाची पद्धत अशी. टायर सावलीत थंड असताना २८ पीएसआय भर. तीन-चार लॅप जोरात मार, कूलडाऊन लॅप न घेता आत ये, लगेच मोज. आतली हवा ३० अंशांवरून ७५ पर्यंत गेली तर दाब सुमारे ६ पीएसआयने चढतो, म्हणजे ३४. टायर बनवणाऱ्याने गरम दाबाचा जो आकडा दिला असेल त्यातून हे ६ वजा करून थंड दाब ठरव. चारही चाकं वेगवेगळी तापतात, म्हणून प्रत्येकाचा आकडा स्वतंत्र लिहायचा. नाशिकला जानेवारीत हे जास्त फसवतं: सकाळी १२ अंशांना भरलेले २८ पीएसआय दुपारी ३० अंशांना गाडी न हलवता साडेतीसच्या पुढे जातात. दुपारी पुन्हा थंड मोजल्याशिवाय सकाळच्या वहीवर विश्वास नको.

तापमान सुईच्या प्रोबने तीन जागी घे, आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्य दोन्हीपेक्षा गरम असेल तर हवा जास्त. बाहेरची कड गरम असेल तर कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूला कल) कमी पडतोय. आतली ८-१० अंशांनी गरम असेल तर ठीक. इन्फ्रारेड गन नको, ती फक्त वरची कातडी वाचते आणि पिटमध्ये शिरेपर्यंत ती थंड झालेली असते.

पहिल्या दोन लॅपमध्ये जपून. पुढचे टायर लगेच तापतात, मागचे थंडच राहतात. वळणात घाबरून एकदम पाय उचललास की वजन पुढे जातं आणि मागची बाजू निसटते. लिऑन काय, होंडा काय, पहिल्याच लॅपला फिरलेल्या गाड्यांत हे कारण बऱ्याचदा सापडेल.

ब्रेक ऑइल ताजं डॉट ४. सुकं असताना ते २३० अंशांना उकळतं, ओलावा धरला की १५५ पर्यंत खाली येतं. पेडल मऊ झालं तर लगेच आत यायचं, 'अजून एक लॅप' नाही.

---

पोडियम_पंचवटी

आपल्याकडे डिझेलची वन-मेक (सगळ्यांना एकच गाडी) रेस झालेलीसुद्धा आहे. २०१०चा फोक्सवॅगन पोलो कप: १.६ लिटर टीडीआय, सुमारे १३० अश्वशक्ती. नंतर त्यांनीही १.४ टीएसआय पेट्रोल घेतलं. सगळ्या गाड्या सारख्याच असल्या की डिझेल-पेट्रोलचा वादच उरत नाही. नाशिकला रेसिंग सर्किट नाही, त्यामुळे चेन्नई नाहीतर कोइंबतूर गाठावं लागणार. टायर_गेज यांनी सांगितलेला प्रोब आणि गेज सामानात आधी टाक.

---

सातपूर_ते_त्र्यंबक

कँटीनचा वाद मिटला, रीमॅप बाद. पुढे काय बघू? २०१० लगेच की मागे जाऊ?

---

पिटवॉल_नाशिक

मागे जा. मकाव २००७, त्या हंगामाची शेवटची फेरी. मुलर आणि प्रिओ दोघेही ८१ गुणांवर आलेले. पहिल्या रेसला मुलरची डिझेल लिऑन पुढे होती आणि शेवटी शेवटी बिघडली. प्रिओ आठवा, १ गुण. म्हणजे दुसऱ्या रेसची पोल, उभ्याने सुरुवात, मागच्या चाकांची गाडी. जिंकला, १० गुण. ९२ विरुद्ध ८१. वर आठव्या जागेचा जो हिशेब दिलाय तो इथे जसाच्या तसा बघायला मिळेल.

त्यानंतर फ्रान्समधलं पो, २००९. रिव्हर्स ग्रिडच्या कृपेने फ्रान्झ एंग्स्टलर बीएमडब्ल्यू घेऊन पुढे होता, आणि सेफ्टी कार पिटमधून थेट त्याच्या समोर आली. आदळला. डिझेल-पेट्रोलचा काही संबंध नाही, तरी बघ.

२०१० मग बघ. मुलर तिथे शेव्हरले क्रूझमध्ये दिसेल, बिनटर्बो पेट्रोल, आणि जिंकेल. सेआतने मूळ संघ काढून घेतला होता, तारक्विनी खासगी संघाकडून त्याच डिझेलवर दुसरा. २०११ पासून १.६ लिटर टर्बो पेट्रोल आलं आणि बूस्टचा आकडा पेट्रोलवाल्यांनाही लागू झाला.