धुराने सुजलेल्या फुप्फुसांना हळद-अडुळसा पुरेल का?

येऊरची वाट (ठाणे)
बाबांनी तीस वर्षं विडी ओढली. सोडून दोन वर्षं झाली, तरी सकाळी अर्धा तास खोकतात. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहतात, बोलता येत नाही. धुराची सूज विडी सुटली तरी पुरती जात नाही, आणि सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणाऱ्या या जुनाट आजारात, स्टेरॉइड दम्याइतकं लागू पडत नाही. म्हणून हळद-मिरीच्या कॅप्सूल सुरू केल्यात. हळदीतलं कुर्कुमिन सूज उतरवतं हे पेशींवर, उंदरांवर दिसलंय. डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत, याचा राग येतो.

नेरूळकर
राग समजतो, पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे तुमचे बाबा नव्हेत. कुर्कुमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. १९९८च्या बंगळुरूच्या प्रयोगात मिरीतल्या पायपरीनमुळे ते २० पट वाढलं, खरं. म्हणून फुप्फुसाची सूज उतरली असं होत नाही. शिवाय पायपरीन थिओफायलिनचीही, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचीही, रक्तातली पातळी वाढवतं. बाबांना ती गोळी आहे का?

कळवा
फिनलंडची चाचणी विसरू नका. २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणारे पुरुष होते. गाजरातलं बीटा कॅरोटीन गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. निकाल १९९४चा. वनस्पतीतलं आहे म्हणून निरुपद्रवी, हे मी तेव्हापासून मानत नाही.

येऊरची वाट
मग ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध कुठून आलं? अडुळशातल्या व्हॅसिसिन या रसायनावरून. हाच अडुळसा आमच्याकडे कुंपणाला लावतात. टायोट्रोपियमच्या इनहेलरचं मूळही धोतऱ्यात सापडणाऱ्या अल्कलॉइड नावाच्या रसायनांपर्यंत जातं. झाडाला नावं ठेवणाऱ्यांच्या हातात झाडाचंच औषध आहे.

नेरूळकर
रेणू वेगळा काढला, बदलला, मात्रा ठरवली, माणसांवर तपासला, म्हणून ते औषध झालं. आणि ब्रोमहेक्सिन कफ पातळ करतं, सूज उतरवणं हे त्याचं काम नाही. माझा विरोध झाडाला नाही, नुसत्या कॅप्सूलवर विसंबण्याला आहे. इनहेलर चालू आहे ना?

येऊरची वाट
आठवडाभर बंद होता. "कॅप्सूल आहे ना," म्हणाले, आणि मी गप्प बसलो. चूक माझी. आत्ता कपाटातून काढला, समोर बसून घ्यायला लावला. चिठ्ठीत थिओफायलिनही आहे, म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत कॅप्सूल बंद. पण हळदीच्या माणसांवर मोठ्या चाचण्या व्हायलाच हव्यात, हे माझं म्हणणं कायम आहे.

नेरूळकर
त्याला माझाही पाठिंबा. उद्या सकाळचा खोकला कसा आहे, ते कळवा.